‘एकोज ऑफ द आय’ घ्यावी का? आणि घेतली तर कोकणातल्या घरात नीट कशी खेळावी?

‘आउटर वाइल्ड्स’ हा यान घेऊन अंतराळात भटकण्याचा गेम तुम्ही शेवटपर्यंत खेळला असेल आणि त्यातली कोडी सोडवताना जेवणाच्या हाकाही ऐकू आल्या नसतील, तर ‘एकोज ऑफ द आय’ ही त्याची डीएलसी, म्हणजे मूळ गेमला जोडून वेगळी विकत मिळणारी भर, जरूर घ्या. मूळ गेम अर्धवट सोडला असेल तर आत्ता घेऊ नका, आधी तो संपवा. आणि मूळ गेम आवडलाच नसेल तर ही डीएलसीही आवडणार नाही. हिच्यात नवी शस्त्रं नाहीत, लढाया नाहीत, पातळी वाढवणंही नाही. मूळ गेममध्ये जे होतं तेच इथे आहे: बघा, विचार करा, समजून घ्या.

मूळ गेम 2019 साली आला, डीएलसी 28 सप्टेंबर 2021 ला. बनवणारे मोबियस डिजिटल, प्रकाशक अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्ह. एका छोट्या सूर्यमालेत 22 मिनिटांचं कालचक्र फिरत राहतं. चक्र संपलं की सगळं पहिल्यासारखं होतं, फक्त तुम्हाला कळलेलं तुमच्याकडे उरतं. डीएलसी याच सूर्यमालेत आणि याच 22 मिनिटांत घडते, पण तिची जागा आणि तिचं रहस्य वेगळं आहे. मूळ गेमला साधारण 15 ते 25 तास लागतात, डीएलसीला 8 ते 15.

‘इतक्या तासांसाठी इतके पैसे?’ असा हिशोब इथे लागू पडत नाही. हा गेम एकदाच खेळता येतो. उत्तर कळलं की कोडं संपलं. त्यामुळे पैशांइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की तुम्ही ती योग्य वेळी आणि शांतपणे खेळणार आहात का. यूट्यूबवर कोणाचा पूर्ण खेळ बघून झाला असेल तर घेऊ नका, त्यात आता तुमच्यासाठी काही उरलेलं नाही.

भाषेबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्याकडे बरेच जण मूळ गेम त्याच कारणाने सोडतात. मूळ गेममध्ये नोमाय या प्राचीन जमातीच्या लिखाणाचे परिच्छेदच्या परिच्छेद इंग्रजीत वाचावे लागतात. मराठी किंवा हिंदीची सोय नाही. डीएलसीत मात्र बहुतेक कथा चित्रांतून, स्लाइडच्या रिळांतून समजते. वाचन फारच थोडं. इंग्रजी वाचताना दमणाऱ्यांना मूळ गेमपेक्षा डीएलसी सोपी जाते. फक्त चित्रं घाईने पुढे ढकलू नका. एकेक चित्र थांबून बघा, मागे जा, कोपरे बघा. महत्त्वाची खूण बहुधा मधोमध नसते.

विकत घेण्याआधी

सगळ्यात जास्त होणारी चूक दुकानाची. एपिक आणि स्टीम ही कॉम्प्युटरवरचे गेम विकणारी ऑनलाइन दुकानं. मूळ गेम एपिकवर असेल आणि डीएलसी स्टीमवर घेतली तर ती चालत नाही. ज्या दुकानातून मूळ गेम घेतला त्याच दुकानातून डीएलसी घ्या. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच यांनाही हेच लागू. महिन्याच्या वर्गणीतून मूळ गेम खेळत असाल तर आणखी सावध राहा. तो गेम वर्गणीच्या यादीतून निघाला की पैसे देऊन घेतलेली डीएलसी नुसती पडून राहते, मूळ गेमशिवाय ती उघडतच नाही. काहीच घेतलेलं नसेल तर ‘आर्किऑलॉजिस्ट एडिशन’ बघा, त्यात दोन्ही एकत्र मिळतात.

सेलची वाट बघायला हरकत नाही. स्टीमचा मोठा सेल जूनच्या शेवटाला लागतो आणि दुसरा डिसेंबरच्या शेवटाला. पण इथे एक पेच आहे. स्टीमवर डीएलसीचे पैसे परत हवे असतील तर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत मागावे लागतात, आणि खरेदीनंतर मूळ गेम 2 तासांपेक्षा कमी खेळलेला असावा लागतो. जूनअखेरीस स्वस्तात घेतली, मग लावणी आली, चार दिवस लाइट गेली, मोबाइलला रेंज नाही, की ते 14 दिवस हां हां म्हणता निघून जातात. म्हणून ज्या आठवड्यात खरंच खेळायला बसणार असाल त्याच आठवड्यात घ्या. परतावा मागायचा झाला तर स्टीमच्या मदत विभागात ती खरेदी निवडून मागायचा. मंजूर झाल्यावर साधारण आठवड्याभरात पैसे मूळ खात्यात किंवा स्टीमच्या वॉलेटमध्ये येतात.

यूपीआयने पैसे भरताना मधेच रेंज गेली तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. खरेदी ‘पेंडिंग’ दाखवत असेल तर थांबा, बँकेचा मेसेज आणि स्टीमचा खरेदी इतिहास दोन्ही बघा आणि मगच ठरवा.

मशीनचं बघायचं तर कंपनीने मूळ गेमसाठी किमान 6 जीबी रॅम, 2 जीबीचं जीटीएक्स 660 किंवा त्या ताकदीचं ग्राफिक्स कार्ड आणि 8 जीबी जागा सांगितली आहे. डीएलसी धरून डिस्कवर 15 जीबी मोकळी ठेवा. तुमच्या लॅपटॉपवर मूळ गेमच कसाबसा चालत असेल तर डीएलसी अडखळणार असं धरून चाला. आधी सावल्या आणि रिझोल्यूशन कमी करून मूळ गेम सेकंदाला सलग 30 फ्रेम्स देतो का ते बघा, पैसे नंतर भरा.

नेट नसेल तर डाउनलोड कसं करायचं

गावाकडे फायबर सगळीकडे पोचलेलं नाही. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर 8 जीबी म्हणजे दुसरं काही न बघता सहा दिवस. रोजचा डेटा संपला की वेग साधारण 64 केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगाने 1 जीबी उतरायला 34 तासांहून जास्त लागतात. त्यामुळे डेटा संपल्यावर डाउनलोड चालू ठेवण्यात अर्थ नाही. पॉज करा. स्टीम दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करतं.

याहून सोपी वाट म्हणजे कोणाच्या तरी मशीनवरून फाइली घेणं. गणपतीत मुंबई-पुण्याहून चाकरमानी भाऊ लॅपटॉप घेऊन येतो आणि त्याच्याकडे हाच गेम आहे असं समजू. दोघांच्या स्टीममध्ये सेटिंग्जच्या डाउनलोड्स भागात जाऊन स्थानिक नेटवर्कवरून गेम फाइल पाठवण्याचा पर्याय चालू करा. दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायवर किंवा एकाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ठेवा. आता तुमच्या खात्यात गेम इन्स्टॉल करायला घेतला की मोठ्या फाइली त्याच्या मशीनवरून येतात. स्टीमला पडताळणीपुरतं थोडं नेट लागतं, पण जीबीच्या जीबी मोबाइल डेटा जात नाही. गेम आणि डीएलसी तुमच्या स्वतःच्या खात्यावर विकत घेतलेली असायलाच हवी. फाइली आल्या म्हणजे मालकी येत नाही.

पेन ड्राइव्हने आणायचं असेल तर स्टीमॲप्सच्या आतल्या ‘कॉमन’ फोल्डरमधलं आउटर वाइल्ड्सचं फोल्डर कॉपी करा, आपल्या मशीनवर त्याच जागी ठेवा आणि मग इन्स्टॉल दाबा. स्टीम आधीच्या फाइली ओळखतं आणि जे कमी असेल तेवढंच उतरवतं. पेन ड्राइव्ह फॅट 32 मध्ये असेल तर 4 जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही आणि कॉपी मधेच अडते. तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण त्यावरचं बाकीचं काढून घेतल्यावरच.

सगळं झालं की नेट चालू असताना एकदा गेम सुरू करून बंद करा. लायब्ररीत गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएलसीच्या यादीत ‘एकोज ऑफ द आय’समोर टिक आहे ना ते बघा. मग स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाका. खेळायला नेट लागत नाही.

वीज, पाऊस आणि खारी हवा

गेममध्ये कुठेही मधेच सेव्ह करता येत नाही. मेनूतून बाहेर पडलात तर पुढच्या वेळी चक्राच्या सुरुवातीलाच जागे होता. शिप लॉगमध्ये, म्हणजे यानातल्या नोंदवहीत, नोंदलेलं तेवढं राहतं. म्हणून लाइट गेल्याने होणारं नुकसान जास्तीत जास्त एका चक्राचं, तरी ते टाळता येतं. आभाळ गडगडायला लागलं आणि काही महत्त्वाचं सापडलं असेल, तर रीतसर मेनूतून बाहेर पडा. जायंट्स डीप या ग्रहावरच्या गॅब्रो या पात्राशी बोलून ध्यान करायला आधीच शिकून घ्या. मग मेनूतूनच चालू चक्र संपवता येतं.

डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं का ते बघा. साध्या मोडमध्ये मेन लाइनवरून बॅटरीवर जायला लागणारा क्षणभराचा वेळ पंखा-ट्यूबला चालतो, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर हवाच. आणि विजा चमकत असताना नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. प्लग काढा, राउटरची लॅन केबलही काढा, कारण वीज त्या वाटेनेही येते.

समुद्राजवळच्या घरात कंट्रोलरची हेळसांड होते. पावसाळ्यात महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते फुटतात आणि कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाकून झाकणाच्या डब्यात ठेवा. हा गेम बनवणारेच कंट्रोलर वापरायला सांगतात, आणि ते खरं आहे. यानाचा जोर हळू कमी-जास्त करणं कीबोर्डवर नीट जमत नाही. स्वस्तातला कंट्रोलर गेमने ओळखला नाही तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये त्याच्यासाठी स्टीम इनपुट चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

खेळताना

सुरुवात गेममधल्या तुमच्या गावातच आहे. टिंबर हार्थ या ग्रहावरच्या ऑब्झर्व्हेटरीच्या संग्रहालयात एक नवं प्रदर्शन लागलेलं दिसेल. ते नीट वाचा. तिथून धागा रेडिओ टॉवरकडे जातो. टॉवरमधल्या फोटोंसमोर पाच मिनिटं द्या, पुढे कुठे जायचं ते तिथेच कळतं. इथपर्यंतच सांगतो. याच्यापुढचं कोणी सांगायला लागलं तर त्याला थांबवा.

मूळ गेममध्ये सगळ्यात उपयोगी वस्तू शिप लॉग. तो यानात असतो आणि डीएलसीत बराच वेळ यानापासून लांब जातो. म्हणून जवळ एक वही ठेवा. ठिकाणाचं साधं चित्र, कुठला दरवाजा बंद होता, चक्राच्या कितव्या मिनिटाला काय बदललं, एवढं लिहिलं तरी पुरतं. मिनिटं लिहिणं विशेष महत्त्वाचं, कारण काही गोष्टी चक्राच्या ठरावीक वेळीच घडतात, आणि ‘काल इथे वाट होती, आज नाही’ असा गोंधळ होतो तो त्यामुळेच. अडकलात की यानात परत येऊन लॉगमध्ये ‘इथे अजून शोधायचं बाकी आहे’ ही सूचना कुठल्या नोंदीवर आहे ते बघा. इंटरनेटवर उत्तर शोधण्याआधी निदान दोन चक्रं त्या नोंदीला द्या.

ही डीएलसी मूळ गेमपेक्षा अंधारी आणि भीतीदायक आहे. सेटिंग्जमध्ये भीती कमी करण्याचा पर्याय दिलेला आहे. तो चालू केल्याने घाबरवणारे प्रसंग सौम्य होतात, कथा किंवा कोडी कमी होत नाहीत. ज्याला धडधड सहन होत नाही त्याने बिनधास्त चालू करावा. शौर्याचा प्रश्न इथे नाही. अंधाराची दुसरी अडचण व्यावहारिक आहे: दुपारी पडवीत बसून खेळलात तर स्क्रीनवर स्वतःचा चेहरा आणि मागची माडाची झाडं दिसतील, गेम नाही. माजघरात बसा किंवा दिवेलागणीनंतर खेळा, आणि ब्राइटनेस वाढवा. हेडफोन हवेतच. काही ठिकाणी पुढे काय आहे ते आधी कानाला कळतं, आणि पत्र्यावर पाऊस कोसळत असताना लॅपटॉपच्या स्पीकरमधून ते ऐकू येणं शक्य नाही.

दुसऱ्या गेम्सच्या डीएलसी

अंतराळातली भटकंती हवी पण कोडी नकोत, अशांनी दुसरीकडे बघावं. ‘नो मॅन्स स्काय’चे 2016 नंतरचे सगळे मोठे अपडेट फुकट आहेत, तिथे वेगळं काही घ्यावंच लागत नाही. ‘स्टारफील्ड’ची ‘शॅटर्ड स्पेस’ 2024 साली आली, पण ती जवळजवळ पूर्ण एकाच ग्रहावर घडते. ग्रहाग्रहांतून फिरायची हौस तिच्यात भागत नाही. ‘एलिट डेंजरस’ची ‘ओडिसी’ फक्त पीसीवर आहे आणि ती यानाबाहेर पायी फिरण्यासाठी आहे. ‘केर्बल स्पेस प्रोग्राम’ आवडणाऱ्यांना ‘ब्रेकिंग ग्राउंड’ मात्र खात्रीने सांगावी अशी आहे. तिच्यात हलणारे रोबोटिक भाग मिळतात आणि ग्रहाच्या जमिनीवर प्रयोगाची उपकरणं मांडता येतात.

‘एकोज ऑफ द आय’ संपली की लगेच अनइन्स्टॉल करू नका. मूळ गेमचा शेवट पुन्हा एकदा खेळा. डीएलसी पूर्ण केलेल्यांसाठी त्यात थोडी भर घातलेली आहे, आणि ती पाहायला फार तर एक संध्याकाळ लागते.