टीजेचे आकडे वाचायचे कसे
अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सकडच्या आईबाबांनो, थॉमस जेफरसन हायस्कूल म्हणजे टीजे, या मुलं निवडून घेणाऱ्या सरकारी शाळेचं नुसतं रँकिंग बघत बसू नका. आधी बघा मुलं निवडली कशी, कारण पारखून घेतलेल्या मुलांचा एसएटी (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) स्कोअर वर असणारच, त्यात शाळेने किती शिकवलं ते वेगळं काढता येत नाही. मग वर्ष बघा, २०२० च्या शेवटी प्रवेश परीक्षा काढून टाकली, प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीतल्या १.५ टक्के मुलांएवढ्या जागा राखल्या, आणि पुढच्याच प्रवेशात एशियन मुलं ७३ वरून ५४ टक्क्यांवर आली, गरीब घरातली १ टक्क्याच्या आतून थेट २५ वर! म्हणून जुनी बॅच नवीशी सरळ जोडू नका. आणि 'एशियन' या एकाच रकान्यात आपली, चिनी, कोरियन, व्हिएतनामी सगळी मुलं येतात हं.