गंजलेला कोयता आणि बॅटरी चार्जर: माझा अनुभव

डिचोलीच्या पावसात लोखंड ठेवायचं म्हणजे गंजाला आमंत्रणच. आजोबांच्या कोयत्याचं पातं पार तांबडं झालं होतं. पॉलिश पेपरने गंजासोबत चांगलं लोखंडही झिजतं, म्हणून मी विजेची पद्धत वापरली.

प्लास्टिकची बादली, लिटरभर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा आणि 12 व्होल्टचा जुना चार्जर. नवे चार्जर समोर बॅटरी नसली की चालूच होत नाहीत. मूठ काढून पातं ऋण टोकाला जोडलं, लोखंडी सळई धन टोकाला. ही जोडणी उलटी झाली तर पातंच खाल्लं जाईल! दोन्ही त्या पाण्यात बुडवायची, पण एकमेकांना टेकता कामा नयेत.

सळई स्टेनलेस स्टीलची नको, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतं. मिठाने क्लोरीन निघतो, तेही नको. पात्यावरचे बुडबुडे पेट घेणाऱ्या हायड्रोजनचे असतात, म्हणून बादली उघड्या अंगणात ठेवा आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा.

रात्रीपर्यंत पाणी गढूळ तपकिरी झालं. पात्यावर काळा थर होता, तो तारेच्या ब्रशने सहज सुटला आणि खाली लोहाराने मारलेला ठसा स्पष्ट दिसला. इतका आनंद झाला की आईला हाक मारून दाखवला.

धुतल्यावर लगेच कोरडं करून तेल लावा, नाहीतर उघड्या लोखंडावर काही मिनिटांत पुन्हा तांबूस झाक येते. मी खोबरेल चोळलं.