घरच्या फर्ममध्ये परका इंजिनिअर

एका कुटुंबाच्या कन्स्ट्रक्शन फर्ममध्ये मी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलो आणि आता तिथूनच निवृत्त होतोय. नात्यातला नाही, पगारी माणूस. अशा फर्ममध्ये जाऊ का, असं नवी मुलं विचारतात. मी उलट विचारतो, तुला नाही म्हणता येतं का?

शिकायला इथे भरपूर मिळतं. मोठ्या कंपनीत प्लॅनिंगवाला वेगळा, बिलिंगवाला वेगळा. इथे सकाळी लाइनआउट म्हणजे जागेवर आखणी, दुपारी स्टील चेकिंग आणि संध्याकाळी आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं चालू बिल, सगळं तुमच्याच गळ्यात. बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे कुठली सळई किती लांब आणि कशी वाकवायची याचा तक्ता, स्वतः काढा. सळईच्या मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 म्हणजे मीटरमागे किलोत वजन, हे तोंडपाठ हवं. 12 मिमीची सळई मीटरला 0.89 किलो भरते. काट्याची पावती हिशेबाशी ताडून पाहणारा पोरगा आहे हे कळलं, की स्टोअरकीपरही जरा जपून बोलतो.

खरी कसोटी हुकमांची. थोरले साहेब एक सांगतात, धाकटे दुसरं, आणि साइटवर देखरेखीला बसवलेले मेहुणे तिसरंच. ओतलेल्या स्लॅबखालचे टेके, म्हणजे प्रॉप्स, काढायचा प्रसंग घ्या. वरच्या मजल्याला प्रॉप्स हवेत म्हणून सेंटरिंगवाला, म्हणजे साचा-टेके बांधणारा, मागे लागलेला असतो आणि मेहुण्यांनी 'काढा' म्हणून टाकलेलं असतं. तिथे 'मला वाटतं' कोणी ऐकत नाही. काँक्रीटच्या कामाचा भारतीय कोड, आयएस 456, उघडून दाखवा: स्लॅबचा स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेके 7 दिवस ठेवायचे, त्यापुढे 14, बीम सहा मीटरपर्यंत 14, त्याहून मोठा असेल तर 21. हेही साध्या ओपीसी सिमेंटचं. फ्लाय ॲश म्हणजे कोळशाची राख मिसळलेलं असेल तर आणखी थांबायचं. पण हे केबिनमध्ये दाखवा. मजुरांदेखत घरच्या माणसाला खोटं पाडलंत, तर कोड तुमच्या बाजूने असूनही पुढचं वर्षभर तुम्हीच भोगाल. आणि कोणी काय सांगितलं ते त्याच दिवशी साइट रजिस्टरमध्ये लिहून सही घ्या.

पगाराचं काय? 'तू घरचाच' हे वाक्य बहुधा पगारवाढीच्या महिन्यातच ऐकू येतं. गोड मानून घ्या, पण हुद्दा, पीएफ आणि वाढ कागदावर मागा. नवं काम हातात आलं की मागावं, तेव्हा तुमची गरज असते. डायरेक्टरची खुर्ची मिळणार नाही, हे मात्र धरूनच चाला. ती सलणार असेल तर चार-पाच वर्षं शिकून बाहेर पडा, त्यात गैर काही नाही.

राहायचंच असेल, तर मालकाचा मुलगा डिग्री घेऊन आला की त्याला काँक्रीटच्या चाचणीचे क्यूब भरायला, उंची मोजायची लेव्हल लावायला सोबत घ्या. पुढे तुमच्या बिलांवर सही त्याचीच लागते.