मॉडेल ए च्या स्टेपनीला खोळ

माझ्या १९३० च्या फोर्ड मॉडेल ए ची स्टेपनी मागे उघडीच टांगलेली असते. (हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आलाय, बरं का!) उन्हाने रबर तडकतं, म्हणून खोळ.

टायर ४.७५-१९ (म्हणजे ४.७५ इंच रुंद, १९ इंची रिमचा). आधी पूर्ण हवा भरा, मगच मापं घ्या. मी बसक्या टायरवर मापलं आणि अख्खं रेक्झिन वाया घालवलं. परीघ टेपनेच मोजा, गणित नको. पुढे गोल चकती, तिला कडेने पट्टी. पट्टी टायरच्या जाडीपेक्षा तीन इंच रुंद कापा, म्हणजे मागे वळवून नाडीचा नेफा शिवता येतो. सांध्यात गोट (कडेची बारीक गोल पट्टी) घाला. तळाशी पितळी रिंग ठोकून भोक ठेवाच, नाहीतर पावसाचं पाणी साचतं. खोळ चढवण्याआधी टायरला शंखजिरं (टाल्कची पूड) चोळा.