इंग्रजीत ‘ओके’ लिहिताना या चुका टाळा

लंडनमधल्या माझ्या एका सहकारी अनुवादिकेने तिचा मसुदा मला तपासायला पाठवला होता. काम सुरेख झालं होतं, म्हणून मी इंग्रजीत कळवलं, ‘ड्राफ्ट इज ओके.’ दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा मसुदा नव्याने लिहून आला, सोबत एकच ओळ: ‘आता तरी बरा वाटतोय का?’ रात्रभर ती बसली होती, माझ्या एका शब्दापायी.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मराठीत ओके म्हणजे झकास. गाडी ‘एकदम ओके’ म्हणजे तिच्यात काही खोट नाही. जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगार आणि हाटील यांचं वर्णन करत सगळं ‘ओक्के’ असल्याचं सांगितलं, तेव्हा तिथे मजेत चाललंय हे सगळ्या महाराष्ट्राला लगेच कळलं. इंग्रजीत मात्र जेवणाला, पुस्तकाला किंवा कुणाच्या कामाला ओके म्हटलं की ऐकणारा ‘ठीकठाक, चालून जाईल’ असंच समजतो.

शब्दाचा जन्म पाहिला की हे पटतं. २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये तो छापून आला. ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम वाकडं स्पेलिंग, ‘ए’च्या जागी ‘ओ’ आणि ‘सी’च्या जागी ‘के’, आणि त्याची ही आद्याक्षरं. अशा गमती तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांत भरपूर चालत. बहुतेक विरून गेल्या. हा शब्द टिकला त्यात अमेरिकेतल्या १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा मोठा वाटा: उमेदवार मार्टिन व्हॅन ब्युरेन किंडरहुक गावचे, म्हणून त्यांचं टोपणनाव ‘ओल्ड किंडरहुक’, आणि त्यांच्या समर्थकांनी ओके नावाचे क्लबच काढले. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द राहिला. म्हणजे मुळात हा तपासणाऱ्याचा शेरा आहे, ‘बरोबर आहे’ एवढाच. त्यात कौतुक कधी नव्हतंच.

हा माग अ‍ॅलन वॉकर रीड या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून काढला. तरीही अमेरिकेच्या यादवी युद्धात कुणी मेलं नसेल तर ‘झिरो किल्ड’ लिहीत, त्यातलं शून्य ‘ओ’सारखं दिसतं, त्यावरून ओके आला, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेच. कृपा करून ती पुढे पाठवू नका. ते युद्ध सुरू झालं १८६१ मध्ये, शब्द छापून आल्यावर तब्बल २२ वर्षांनी!

मग करायचं काय? वेळ, तारीख, बदल मान्य असेल तर बिनधास्त ओके लिहा, तिथे तो चपखल बसतो. काम आवडलं असेल तर ‘गुड’ किंवा ‘एक्सलंट’ म्हणा, आणि कुठलं वाक्य आवडलं तेही सांगा. कुणी ‘वडील अ‍ॅडमिट आहेत’ असं कळवलं तर नुसतं ओके पाठवू नका, मराठीतही नाही. आणि चहा विचारल्यावर इंग्रज पाहुणा ‘आय अ‍ॅम ओके’ म्हणाला, तर तो तब्येत सांगत नसतो. त्याला चहा नको असतो. कप पुढे करू नका.

त्या सहकारीला मी फोन केला, माफी मागितली आणि पहिलाच मसुदा ठेवू या म्हणून सांगितलं. छापायला तोच गेला.