खोक्याचं घनफळ: आधी थर, मग सूत्र

चौथी-पाचवीच्या मुलांकडून 'लांबी × रुंदी × उंची' पाठ करून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. पंधरा दिवसांनी त्यांतलीच काही मुलं तिन्ही आकड्यांची बेरीज करून ठेवतात, कारण गुणाकार का करायचा हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. ते दाखवायला दोन-तीन तासिका लागतात. त्या जरूर द्या.

गोव्यात याची सुरुवात शाळेबाहेर होऊ शकते. कुणी घर बांधायला काढलं की रस्त्याकडेला चिरे रचून ठेवलेले दिसतात. मुलांना तिथे नेऊन विचारा, 'चिरे किती?' कुणी एकेक मोजू लागेल, कुणी अंदाज ठोकेल. मग एका थरात किती ते मोजायला लावा आणि थर किती ते बघायला सांगा. घनफळ म्हणजे हेच मोजणं.

वर्गात ठोकळे हवेत. सुताराकडून 2 सेंमी जाडीच्या चौकोनी पट्टीचे 2 सेंमीचे तुकडे करून घ्या. 1 सेंमीचे ठोकळे लहान बोटांतून निसटतात. आता 16 बाय 14 सेंमीचा पुठ्ठा घ्या, चारही कोपऱ्यांतून 4 सेंमीचे चौरस कापून टाका, कडा वर दुमडून चिकटवा. तळाला 4 × 3 ठोकळे आणि असे दोन थर मावतील असा उघडा खोका झाला. माप दोन-तीन मिलिमीटर सैल ठेवा, नाहीतर शेवटची ओळ बसत नाही.

खोका मुलांनीच भरायचा. एक ओळ, 4. अशा तीन ओळी, 12. तळ झाकला की थांबवा आणि विचारा, 'अजून किती लागतील?' जे मूल हात न लावता 'अजून 12' म्हणतं, त्याला घनफळ कळलं. बाकीच्यांना भरून बघू द्या, घाई करू नका. 4 × 3 × 2 = 24 हे फळ्यावर यानंतर लिहायचं आणि लांबी, रुंदी, उंची हे शब्द त्याच्याही नंतर. पहिल्या दिवशी एकक 'ठोकळा' एवढंच पुरे.

दुसऱ्या दिवशी याच रचनेचं चित्र द्या. काही वह्यांत 26 हे उत्तर येईल. ते नुसतं चूक म्हणून खोडू नका, कारण त्यातच मुलाचा विचार दिसतो. चित्रात वर 12, समोर 8 आणि बाजूला 6 चौकोन दिसतात. मुलाने ठोकळे मोजलेच नाहीत, चौकोन मोजले. समोरच्या कोपऱ्यातला ठोकळा त्याने तीनदा मोजला आणि मागे खाली दडलेले 6 राहूनच गेले. अशा वेळी खरे ठोकळे रचून वरचा थर त्यालाच उचलून बाजूला ठेवायला सांगा. 'बाई, हे खाली लपले होते!' हे त्याने स्वतः म्हणणं आपल्या दहा स्पष्टीकरणांहून मोलाचं आहे.

मग घन सेंटिमीटर. कागदाचा 1 सेंमीचा छोटा घन दाखवून विचारा, आपल्या ठोकळ्यात असे किती मावतील? बरीच मुलं 2 किंवा 4 म्हणतात. खरं उत्तर 8: तळाला चार, वर चार. म्हणजे आपल्या खोक्याचं घनफळ 24 × 8 = 192 घन सेंमी. आता पट्टीने मोजून 8 × 6 × 4 करायला लावा. उत्तर तेच आलं की मुलं सूत्रावर विश्वास ठेवतात.

लिटरसाठी आतून 10 सेंमीचा घनाकृती खोका करा, आत प्लास्टिकची पिशवी बसवा आणि चारही बाजूंना पुस्तकांचा टेकू द्या, नाहीतर खोका फुगतो. 1 लिटर पाणी काठोकाठ बसतं. मीटरभर लांबीत असे 10 खोके लागतात, म्हणून 1 घन मीटरमध्ये 10 × 10 × 10, म्हणजे 1000 लिटर.

शेवटी अंगणात खडूने 1 मीटरचा चौरस आखा. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3 मीटर पाऊस पडतो. एवढ्याशा जागेवरचं सगळं पाणी साचलं, तर 1 × 1 × 3 मीटरचा खोका भरेल, म्हणजे 3000 लिटर. त्यात किती कळशा भरतील, हे मुलांना आधी अंदाजाने सांगू दे. मग घरच्या कळशीत किती लिटर मावतं ते मोजून उद्या आणू दे.