मुंबई ते लंडन: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

तिकिटावरील दोन वेळांची नुसती वजाबाकी करून प्रवास किती तासांचा हे कळत नाही, आणि सपाट नकाशावर पट्टी ठेवून खरे अंतरही मिळत नाही. दोन्ही गोष्टी घरबसल्या काढता येतात. उदाहरणासाठी मुंबई आणि लंडनचे हीथ्रो हे विमानतळ घेऊ.

प्रथम अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. एक रेखांश पूर्वेचा आणि दुसरा पश्चिमेचा असल्याने त्यांची बेरीज करावी, ती ७३.३२ अंश होते. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा (कॅल्क्युलेटरवरील sin; पुढचा कॉस म्हणजे cos) गुणाकार करावा (०.२५६) आणि त्यात दोन्ही अक्षांशांचे कॉस व ७३.३२ अंशांचा कॉस यांचा गुणाकार (०.१६९) मिळवावा. मोबाइलमधील कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला असेल तर उत्तर भलतेच येते, म्हणून तो आधी अंशांवर आणावा. बेरीज ०.४२५ येते, ज्या कोनाचा कॉस इतका असतो तो सुमारे ६४.९ अंशांचा. बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळच्या रेषेवर, एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणजेच अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर.

हे झाले कागदावरचे अंतर. ही रेषा कराचीजवळून इराणवर जाते, तिचा मध्यबिंदू जॉर्जियातील तबिलिसीच्या आसपास पडतो आणि पुढे ती युक्रेन ओलांडते. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, तर पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे प्रत्यक्ष मार्गाला वळसा पडतो आणि तो कंपनीगणिक वेगळा असू शकतो.

वेळेसाठी ताशी ९०० किलोमीटर वेग धरावा. आठ तास होतात; धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण आणि उतरण यांसाठी अर्धा तास वाढवावा. उंचावरील जोरदार वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि परतीचा प्रवास लवकर उरकतो.

घड्याळाचा हिशेब शेवटी करावा. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघून लंडनला तेथील सायंकाळी ६.१५ वाजता पोहोचते. भारताचे घड्याळ तेव्हा लंडनच्या साडेपाच तास पुढे असते, म्हणून दिसणाऱ्या सव्वाचार तासांत हे साडेपाच तास मिळवले की पावणेदहा तास होतात; परतीच्या तिकिटावर हेच साडेपाच तास वजा करावेत. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनची घड्याळे एक तास पुढे असल्याने तेव्हा फरक साडेचार तासांचाच धरावा.

विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर पारपत्र-तपासणी व सामानासाठी दीड तास आणि पुणे-मुंबई रस्त्याचे चार तास धरले, तर पुणेकराचा प्रवास हीथ्रोच्या दारापर्यंतच सव्वाअठरा तासांवर जातो.